प्रॉक्समॉक्सच्या तीन खिडक्या: हँग नेमकं काय होतं?

"भिया, मशीन हँग झालं." इंदूरच्या सीए ऑफिसात किंवा सियागंजातल्या एखाद्या पेढीवर टॅली व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) चालत असेल, तर महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी रिटर्नच्या गडबडीत, हे वाक्य ऐकू येतंच. मग कोणीतरी प्रॉक्समॉक्सच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पानावर जाऊन थेट 'स्टॉप' दाबतं. स्टॉप दाबणं म्हणजे चालू कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून उपटणं. पुढचा तास टॅलीचा डेटा रिपेअर करण्यात जातो, आणि गंमत अशी की पुष्कळदा मशीन हँग झालेलंच नसतं. अडकलेलं असतं ते फक्त चित्र.

म्हणून इथे अख्ख्या प्रॉक्समॉक्स व्हीईचं परीक्षण केलेलं नाही. व्हीएमचा पडदा आपल्यापर्यंत आणण्याचे जे तीन रस्ते आहेत, म्हणजे ब्राउझरमधलं नो-व्हीएनसी, स्पाइस आणि विंडोजचं आरडीपी (रिमोट डेस्कटॉप), ते रोजच्या कामात कसे टिकतात आणि कुठे दगा देतात, एवढाच विषय.

उत्पादनाची ओळख थोडक्यात. प्रॉक्समॉक्स हे व्हिएन्नाच्या कंपनीचं मुक्त सॉफ्टवेअर, २००८ पासून चालू आहे. खाली डेबियन लिनक्स, त्यावर व्हीएम चालवणारे केव्हीएम आणि क्यूएमू, वर ८००६ पोर्टवरचं वेब पान. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली नववी आवृत्ती डेबियन १३ वर आहे. वापर फुकट, सबस्क्रिप्शन प्रोसेसरच्या सॉकेटमागे वर्षाला, आणि ते घेतलं नाही तर लॉगिन करताना आठवण करून देणारी एक चौकट येते, बाकी काही अडत नाही. छोट्या ऑफिसात साधारण चार-सहा कोअरचा टॉवर, ३२ जीबी रॅम, एक वेगवान एनव्हीएमई डिस्क आणि त्यावर दोन-तीन विंडोज एवढाच संसार असतो. पुढचं सगळं तो धरूनच लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. नो-व्हीएनसी आणि स्पाइस बाहेरून बघतात: क्यूएमूने बनवलेल्या खोट्या ग्राफिक कार्डावर जे उमटतं ते आणून दाखवतात. आतलं विंडोज बूट होतंय, निळ्या पडद्यावर पडलंय, काहीही असो, ते दिसतं. आरडीपी मात्र विंडोजच्या आतून येतं. त्या खोट्या कार्डाशी त्याचा संबंध नाही, विंडोज त्याच्यासाठी वेगळा पडदा रंगवतं. त्यामुळे एक खिडकी अडकली की लगेच दुसरी उघडून बघायची. आरडीपी अडकलं पण नो-व्हीएनसीत माऊस हलतोय, तर दोष नेटवर्कचा किंवा विंडोजच्या आरडीपी भागाचा. नो-व्हीएनसी मेलं पण आरडीपी मजेत, तर डिस्प्ले किंवा त्याचा ड्रायव्हर. दोन्ही गार पडले, तर डिस्क, मेमरी आणि होस्टकडे, म्हणजे व्हीएम ज्याच्यावर चालतात त्या खऱ्या मशीनकडे, बघा. पडद्याच्या सेटिंगशी खेळत बसण्यात अर्थ नाही.

या तपासणीत एक फसगत ठरलेली. विंडोज प्रोमध्ये एका वेळी एकच जण बसू शकतो. आरडीपी चालू असताना नो-व्हीएनसीत लॉक स्क्रीन दिसते. ती हँग नव्हे. तिथे पासवर्ड टाकून आत शिरलात, तर पलीकडे आरडीपीवर बसलेल्या माणसाचा पडदा बंद होतो आणि तो ओरडतो की आता माझं हँग झालं. दुसरी फसगत काळ्या पडद्याची. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ठरलेल्या वेळाने पडदा बंद करा, नंतर झोपी जा, असं लिहिलेलं असतं आणि व्हीएम ते इमानदारीने पाळते. पडदाच बंद झाला असेल तर माऊस हलवल्यावर उठतो. मशीन झोपलं असेल तर आरडीपीही जोडत नाही. व्हीएममध्ये 'स्लीप' कायम 'नेव्हर' ठेवा, हायबरनेटही बंद करा.

आता एकेक खिडकी.

नो-व्हीएनसी सगळ्यात साधी, म्हणून सगळ्यात भरवशाची. ब्राउझरशिवाय काही लागत नाही, आणि आतलं विंडोज धड नसेल तेव्हा हीच कामाला येते. डाव्या कडेच्या पट्टीत कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पाठवायचं बटण आहे, ते नव्या माणसाला आधी दाखवून ठेवा. पण दिवसभर टॅलीत एंट्री करण्यासाठी ती नाही: आवाज येत नाही, प्रिंटर येत नाही, कॉपी-पेस्टची बोंब, आणि मोठ्या पडद्यावर स्क्रोल केलं की चित्र तुकड्या-तुकड्याने येतं. त्यातून 'हार्डवेअर' टॅबमधला 'डिस्प्ले' जसाच्या तसा ठेवला तर मेमरी १६ एमबी मिळते. हिशेब करून बघा. १९२० गुणिले १०८० गुणिले ४ बाइट, म्हणजे जवळपास ८ एमबी. एक फुल एचडी पडदा आरामात मावतो. फोर-के पडद्याला मात्र ३१ एमबीच्या वर लागतात, ते १६ मध्ये कुठून मावणार. डिस्प्ले 'व्हर्टआयओ-जीपीयू' करून मेमरी ६४ केली आणि विंडोजमध्ये व्हर्टआयओ-विन आयएसओमधला (व्हीएमसाठीचे विंडोज ड्रायव्हर असलेली डिस्क फाइल) गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवला, की माऊसचं रखडणं बरंच कमी होतं. ड्रायव्हर न टाकता नुसता डिस्प्ले बदलला तर विंडोज 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'वर चालत राहतं आणि बदलाचा काही फायदा होत नाही.

इथेच बरेच जण चुकतात: डिस्प्ले बदलतात आणि विंडोजच्या आतून रीस्टार्ट करतात. त्याने क्यूएमूची प्रोसेस तीच राहते, खोटं कार्डही जुनंच राहतं, आणि नवी सेटिंग पानावर वेगळ्या रंगात ताटकळत बसते. बदल लागू व्हायला पूर्ण शटडाउन करून पुन्हा स्टार्ट करा, किंवा प्रॉक्समॉक्सच्या पानावरचं 'रीबूट' वापरा.

स्पाइसबद्दल आमचं मत कडक आहे: नव्या व्हीएमसाठी घेऊ नका. एकेकाळी देखणी चीज होती. कुमरानेट नावाच्या कंपनीने बनवलेली, २००८ मध्ये रेड हॅटने ती कंपनी घेतली आणि २००९ मध्ये कोड खुला केला. दोन मॉनिटर, आवाज, पेन ड्राइव्ह थेट व्हीएमला देणं, सगळं त्यात होतं आणि आहे. पण खुद्द रेड हॅटने एंटरप्राइझ लिनक्सच्या ८.३ मध्ये स्पाइसला निवृत्तीच्या यादीत टाकलं आणि नवव्या आवृत्तीतून काढूनच टाकलं. प्रॉक्समॉक्समध्ये पर्याय शिल्लक आहे, चालतोही, मात्र ज्या घराला कर्ता पुरुष उरला नाही त्यात नवं सामान भरण्यात शहाणपण नाही.

जिथे स्पाइस आधीपासून आहे तिथे अडकण्याचं ठरलेलं कारण म्हणजे क्यूएक्सएल या स्पाइसच्या खोट्या ग्राफिक कार्डाची मेमरी. लिनक्सच्या व्हीएममध्ये पडदा अधूनमधून गोठत असेल, तर आतला कर्नल लॉग (लिनक्सच्या गाभ्याची नोंदवही) उघडा. 'फेल्ड टू अलोकेट व्हीरॅम बीओ' अशी ओळ दिसली तर निदान संपलं: चित्र ठेवायला जागा नाही, ड्रायव्हर जागेसाठी झगडतोय आणि तोवर डेस्कटॉप थांबलाय. मेमरी १२८ करा. त्यानेही भागलं नाही तर कार्डच व्हर्टआयओ-जीपीयू करा आणि स्पाइसला नमस्कार करा. विंडोजवरून यूएसबी द्यायची असेल तर व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये स्पाइसचा यूएसबी पोर्ट वेगळा जोडावा लागतो, आणि समोरच्या कॉम्प्युटरवर यूएसबीडीके नावाचा ड्रायव्हरही लागतो. हे दुसरं कोणी सांगत नाही, आणि मग मेन्यूत यूएसबीचं नाव दिसतं पण जोडलं जात नाही.

राहिलं आरडीपी, आणि रोजच्या कामाला आमची पसंती त्यालाच. तरीही हँगच्या तक्रारी सगळ्यात जास्त त्याच्याच येतात, कारण वापरही त्याचाच सगळ्यात जास्त.

लक्षण बघा. जोडणी होते, डेस्कटॉप दिसतो, दहा-वीस सेकंदांनी चित्र जागीच थांबतं, टास्कबारवरचं घड्याळ पुढे सरकत नाही. बंद करून पुन्हा जोडलं की सगळं आपल्या जागी, टॅलीचं व्हाउचरही अर्धवट भरलेलं तसंच. म्हणजे मशीन चालूच होतं. इथे पहिला संशय यूडीपीवर, म्हणजे पोचपावतीची वाट न बघता तुकडे पाठवणाऱ्या नेटवर्क पद्धतीवर. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून आरडीपी ३३८९ पोर्टवर पोचपावती घेणाऱ्या टीसीपीसोबत यूडीपीही वापरतं. नेट चांगलं असेल तर चित्र सरसर येतं, पण मधला एखादा राउटर किंवा व्हीपीएन यूडीपीचे तुकडे गिळत असेल तर पडदा गोठतो. आरडीपीच्या वरच्या निळ्या पट्टीत सिग्नलच्या दांड्यांचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की यूडीपी चालू आहे की नाही ते कळतं. चालू असेल तर व्हीएममध्ये ग्रुप पॉलिसी उघडा: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, कनेक्शन्स. तिथे 'सिलेक्ट आरडीपी ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल्स' आहे, ते 'यूज ओन्ली टीसीपी' करा आणि व्हीएम रीस्टार्ट करा. पैसा लागत नाही, पाच मिनिटांचं काम.

त्याने फरक पडला नाही आणि गोठण्याऐवजी नुसता काळा पडदा येत असेल, किंवा टास्क मॅनेजरमध्ये डेस्कटॉप विंडो मॅनेजर प्रोसेसर खात बसलेला दिसत असेल, तर त्याच झाडात सेशन होस्टखाली 'रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट' उघडा आणि 'यूज डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स डिस्प्ले ड्रायव्हर फॉर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन्स' हे 'डिसेबल्ड' करा. व्हीएमला खरं ग्राफिक कार्ड नसतं, त्यामुळे या बदलाने तोटा असा काही होत नाही.

काही वेळा आपल्या सेटिंगचा दोषच नसतो. फेब्रुवारी २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज सर्व्हर २०२५ वर आरडीपी जोडल्यावर थोड्याच वेळात माऊस-कीबोर्ड मरत होते. मायक्रोसॉफ्टने तो दोष स्वतः मान्य केला आणि एप्रिल २०२५ च्या अपडेटमध्ये, केबी ५०५५५२३ मध्ये, दुरुस्त केला. तेव्हा हँग सुरू झालं त्या आठवड्यात कोणतं अपडेट बसलं, हे 'अपडेट हिस्टरी'त बघणं ही पहिल्या दहा मिनिटांतली गोष्ट आहे, शेवटची नव्हे.

लॉगिन करतानाच मिनिटभर अडकत असेल तर 'लोकल रिसोर्सेस' टॅब बघा. प्रिंटर आणि सगळ्या ड्राइव्ह सोबत न्यायची सवय असते. त्यातली एखादी नेटवर्क ड्राइव्ह मेलेली असेल, तर व्हीएममधला एक्सप्लोरर तिची वाट बघत बसतो. लागतील तेवढ्याच खुणा ठेवा. आणि एका विंडोज प्रोवर चार जण बसवणाऱ्या जुगाडाबद्दल: दर मोठ्या अपडेटनंतर तो तुटतो, लायसन्सच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. चार जण हवे असतील तर विंडोज सर्व्हर आणि आरडीएसची कॅल्स (जोडणाऱ्यांसाठीची रिमोट डेस्कटॉपची लायसन्स) घ्यावीत.

आता सीए मंडळींना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट, डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. कंपनीचं किंवा एलएलपीचं रिटर्न भरायचं, टोकन सर्व्हरला लावलेलं, व्हीएमला जोडलेलं, आणि आरडीपीतून बघावं तर 'नो टोकन'. मग टोकन काढ-घाल, ड्रायव्हर पुन्हा टाक, शेवटी सही करणारं सॉफ्टवेअर गोल फिरत अडकतं आणि दोष व्हीएमच्या माथी. कारण साधं आहे. टोकन विंडोजला स्मार्ट कार्ड म्हणून दिसतं, आणि आरडीपीच्या सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्डाची चौकशी तुमच्या समोरच्या कॉम्प्युटरकडे पाठवतं. व्हीएमला जोडलेलं टोकन त्या सेशनला दिसतच नाही. त्यामुळे दोनच मार्ग उरतात. टोकन स्वतःच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला लावा, लोकल रिसोर्सेसमध्ये 'मोअर'खाली 'स्मार्ट कार्ड्स'ची खूण ठेवा आणि टोकनचा ड्रायव्हर दोन्हीकडे टाका. नाहीतर टोकन सर्व्हरलाच राहू द्या आणि सही करण्यापुरतं नो-व्हीएनसीतून आत जा. तिथे ते दिसतं. एमसायनर (सही करणारं सॉफ्टवेअर) मात्र जिथे ब्राउझर तिथेच, म्हणजे व्हीएममध्ये, चालू हवा.

सर्व्हरला टोकन जोडताना 'अॅड', 'यूएसबी डिव्हाइस' मध्ये आपल्या कामाचे दोन पर्याय येतात: व्हेंडर आयडीने किंवा पोर्टने. ऑफिसात एकाच मॉडेलची वीस टोकन असतात आणि त्या सगळ्यांचा आयडी एकच. आयडीने जोडलं आणि त्याच मॉडेलची दोन टोकन लावलेली असली, तर कोणतं आत जाईल याचा नेम नाही. पोर्टने जोडा, त्या पोर्टला रंगीत टेप लावा, आणि ज्याची सही त्याचं टोकन त्याच भोकात.

दोन्ही खिडक्या एकदम थांबल्या तर प्रकरण होस्टचं. डाव्या यादीत व्हीएमच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण आणि स्थितीत 'आयओ-एरर' दिसत असेल तर जवळजवळ नेहमी जागा संपलेली असते. एलव्हीएम-थिन या, लागेल तशीच जागा देणाऱ्या स्टोरेजमध्ये ५०० जीबीच्या डिस्कवर ७०० जीबीच्या व्हीएम बनवता येतात, आणि जागा भरेपर्यंत सगळे खूश असतात. महिन्यापूर्वी 'असू दे' म्हणून घेतलेले स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) जागा खात राहतात, थिन पूल भरतो आणि क्यूएमू डेटा बिघडू नये म्हणून व्हीएमला आहे तिथे थांबवतं. नको असलेला स्नॅपशॉट काढा, जागा झाली की 'रिझ्यूम' दाबा. मशीन थांबलं तिथून पुढे चालू लागतं. इथे स्टॉप दाबणं हा सगळ्यात महागडा उपाय. व्हीएमच्या डिस्कला 'डिस्कार्ड'ची खूण नसेल तर आत फाइली पुसल्या तरी पूलला जागा परत मिळत नाही, ती खूण आजच करा.

रोज ठरावीक वेळी पाच-दहा सेकंदांचे झटके येत असतील तर बॅकअपची वेळ तपासा. बॅकअप चालू असताना व्हीएमने एखाद्या जागी नवं लिहायचं ठरवलं, तर तिथला जुना तुकडा आधी बॅकअपकडे जावा लागतो. बॅकअप जर जुन्या यूएसबी हार्ड डिस्कवर किंवा १०० एमबीपीएसच्या स्विचमागच्या एनएएसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) जात असेल, तर विंडोजला तोवर ताटकळावं लागतं, आणि आरडीपीवर बसलेल्याला ते हँग वाटतं. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, यावर 'फ्लीसिंग' आहे: जुना तुकडा तात्पुरता जवळच्या वेगवान डिस्कवर ठेवला जातो, बॅकअप सावकाश नेतो. बॅकअप जॉबच्या 'अॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये चालू करा, स्टोरेज एनव्हीएमईवरचं निवडा. या एका सोयीसाठी जुन्या आवृत्तीवरून वर यायला हरकत नाही. बॅकअप लॉगमध्ये 'एफएस-फ्रीझ'वर घड्याळ थांबलं असेल तर अडथळा आतल्या व्हीएसएसचा, म्हणजे बॅकअपसाठी लिखाण क्षणभर थांबवणाऱ्या विंडोजच्या सेवेचा आहे; गेस्ट एजंटच्या (व्हीएमच्या आत बसून प्रॉक्समॉक्सशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) पर्यायांत बॅकअपवेळी फ्रीझ करण्याची खूण काढता येते, पण आत एसक्यूएल डेटाबेस असेल तर त्याचा बॅकअप वेगळा घ्या.

नोडच्या 'समरी'त 'आयओ डिले'चा (डिस्कची वाट बघण्यात जाणाऱ्या वेळेचा) आलेख असतो, तो सतत २० टक्क्यांवर राहत असेल तर डिस्क दमली आहे. जेल रोडवर स्वस्तात मिळणारी घरगुती क्यूएलसी एसएसडी सुरुवातीची काही जीबी वेगात लिहिते, कॅश भरली की हार्ड डिस्कच्याही मागे पडते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाची 'रीसेट टू डिव्हाइस' नोंद वारंवार दिसत असेल तर डिस्ककडे गेलेली विनंती वेळेत परतलेली नाही. व्हीएमच्या डिस्कचा कंट्रोलर 'व्हर्टआयओ स्कझी सिंगल' आणि 'आयओ थ्रेड' आहे का बघा, ड्रायव्हर नवा करा.

मेमरीत कंजूसपणा टॅलीच्या व्हीएमवर करू नका: बलूनिंग (व्हीएमची मेमरी गरजेप्रमाणे परत घेण्याची सोय) बंद, ८ जीबी ठाम. झेडएफएस फाइल सिस्टिम वापरत असाल तर त्याची कॅश जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये निम्मी रॅम घेऊ शकते, ३२ पैकी १६, ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती मर्यादा १० टक्के केली आहे. नुसतं अपग्रेड केलेल्या मशीनला हे लागू होत नाही, हाताने करावं लागतं.

नेटवर्कचं थोडक्यात. घरून व्हीपीएनवर जोडल्यावर लॉगिनची चौकट येते आणि पूर्ण डेस्कटॉप येताना अडकतं, तर एमटीयूचा, म्हणजे नेटवर्कवरच्या तुकड्याच्या कमाल आकाराचा घोळ: छोटे तुकडे जातात, मोठे हरवतात. पीपीपीओई असलेल्या ब्रॉडबँडवर मर्यादा १४९२, वायरगार्ड व्हीपीएनची नेहमीची १४२०. चाचणीपुरती वायरगार्डची १२८० करून बघा. अडकणं थांबलं तर चोर सापडला. वायरगार्डचं पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठोका) २५ सेकंद ठेवा. ३३८९ आणि ८००६ हे पोर्ट राउटरमधून उघड्यावर सोडू नका, बाहेरून यायचं ते व्हीपीएनमधूनच. आणि पावसाळ्यात लाइट मिचकावली की सर्व्हर यूपीएसवर टिकतो पण राउटर आणि स्विच पडतात. सगळ्यांचे पडदे एकदम गोठतात. या दोन डब्यांना मिळून बल्बाएवढी वीज लागते, त्यांची वायर यूपीएसच्या मागे घाला.

एवढं करूनही खरंच हँग झालंच, तर क्रम असा: दोन मिनिटं थांबा आणि समरीत प्रोसेसरचा आलेख हलतोय का बघा. गेस्ट एजंट आयपी दाखवत असेल तर आतलं विंडोज जिवंत आहे. नो-व्हीएनसीतून आत जाऊन टास्क मॅनेजरच्या 'यूजर्स'मधून अडकलेला सेशन डिस्कनेक्ट करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर पानावरून 'शटडाउन', त्याचा टास्क टाइमआउट होईपर्यंत हात बांधून बसा. मग 'रीसेट'. स्टॉप त्यानंतर.